सव्वीस उरल्या

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी ते खुशीत होते, कारण दुसऱ्या कुणाची तरी गाडी जळाली होती.

त्या मालकाचं त्यांनी फोनवर दहा मिनिटं मनापासून सांत्वन केलं. फोन ठेवला आणि गॅरेजच्या भिंतीवरच्या फळ्यावरचा सत्तावीस पुसून सव्वीस लिहिला. "चालू स्थितीतल्या आता एवढ्याच उरल्या. माल कमी, भाव जास्त."

"बाबा, माणसाला थोडी तरी लाज असावी."

"फुलं पाठवतोय ना त्याला."

त्याच मॉडेलची एक दोन आसनांची पिवळी स्पोर्ट्‌स कार बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतली होती. किलोमीटर जितके कमी, तितकी किंमत जास्त, म्हणून ती चालवायची नाही हा घरचा कायदा. दर रविवारी मी माझ्या घरून यायचे आणि गाडी मागून ढकलायचे. बाबा आत बसून स्टिअरिंग सांभाळायचे. अंगणात तिची आंघोळ व्हायची. ढकललं तरी मीटर फिरतो हे लक्षात आल्यावर त्यांनी ती आंघोळ गॅरेजच्या दारातच आणली. मग इंजिन आखडू नये म्हणून ते दहा मिनिटं जागेवरच सुरू ठेवायचं. तेवढा वेळ मी शेजारी बसायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी जेवून ते आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

महिन्याभराने जुन्या गाड्यांचा दलाल आला. गाडीखाली टॉर्च मारून त्याने भाव सांगितला. बाबा सांगायचे त्याच्या निम्मा.

"सव्वीसच उरल्यात," मी म्हटलं.

"ताई, गाड्या सव्वीस, पण घेणारे किती? पोरवयात जे हिचा फोटो उशीखाली घेऊन झोपले, तेच हिला घेणार. ते सगळे तुमच्या बाबांच्या वयाचे. एकेक जातोय आणि मागे गाडी ठेवतोय. आजची पोरं विचारतात, हिला चार्जिंग कुठे करायचं."

म्हणजे बाबांनी जाता जाता बाजारात एक गाडी वाढवली होती आणि एक गिऱ्हाईक घटवलं होतं. हे त्यांना कळलं असतं, तर मरणापेक्षा जास्त लागलं असतं.

"मीटर कमी आहे म्हणून एवढे तरी देतोय. उद्या ट्रकवर चढवून नेतो. तोवर हलवू नका."

मी किल्ली पुढे केली होती. ती परत घेतली.

"एक फेरी मारून येते."

"ताई, भाव पडेल."

"पडू द्या."

हमरस्त्यावर तिसरा गिअर काही केल्या पडेना. मागून आलेला सायकलवाला घंटी वाजवून पुढे गेला. सिग्नलला थांबले. शेजारचं आसन रिकामं होतं.

"बाबा," मी मोठ्याने म्हटलं, "या गाडीचं मला कधीच काही वाटलं नाही. रविवारी मी तुमच्यासाठी यायचे."