ईशाचा हायपरबोला

अकरावीच्या चाचणीत ईशाने हायपरबोलाच्या समीकरणात वजाच्या जागी अधिक लिहिलं आणि चारपैकी शून्य मिळवलं. नम्रता मॅडमनी एवढंच सांगितलं की, पाठ केलंस, समजून घेतलं नाहीस. दिवाळीच्या सुट्टीत ते शून्य तिला सुखाने बसू देईना.

त्याच आठवड्यात बंदरावर वादळाचा बावटा लागला. तिचे बाबा दीपक मच्छीमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोट चालवणारे प्रमुख. बोटी किनाऱ्याला लागल्या तसे तेही घरी होते. ईशाने त्यांना खडू नि दोरी घेऊन माजघरात बसवलं. फरशीवर चार वीत अंतरावर दोन खुणा केल्या. बाबांनी दोरीचं टोक खुणेवर दाबून धरायचं, तिने दुसऱ्या टोकाला खडू धरून वर्तुळ काढायचं. एका खुणेभोवती लहान वर्तुळ, दुसरीभोवती मोठं. दोन्ही वेळच्या दोरीच्या लांबीतला फरक कायम तोच ठेवायचा. दोन्ही वर्तुळं छेदतील ते बिंदू हायपरबोलाचे.

तिने फरक धरला पाच वीत. एक आणि सहा, मग दोन आणि सात. वर्तुळं काही केल्या भेटेनात. लहान वर्तुळ मोठ्याच्या पोटातच राही.

"ह्यांची गाठ पडायची नाय," बाबा म्हणाले. "आणि किती फरशी रंगवायची?"

ईशाने दोन खुणांमधलं अंतर पुन्हा मोजलं: चारच वीत. मग तिने फरक दोन वीत केला. तीन आणि पाच: वर्तुळं दोन ठिकाणी छेदली. दोऱ्यांची अदलाबदल केली, तर पलीकडे दुसरी फांदी उमटली. दोन खुणा आणि बिंदू मिळून त्रिकोण होतो, आणि त्रिकोणाच्या दोन बाजूंतला फरक तिसरीपेक्षा कमीच असतो, हे तिला आठवीपासून ठाऊक होतं. इथे त्याचा उपयोग आहे, हे आत्ता कळलं.

कॉलेज उघडल्यावर मॅडमनी समीकरण सिद्ध करायला तिलाच फळ्यापाशी बोलावलं. 'a वर्ग वजा c वर्ग' आलं तिथे ती थांबली.

"इलिप्समध्ये a मोठा, म्हणून हे धन येतं," ती म्हणाली. "इथे नाभींमधलं, म्हणजे त्या दोन खुणांमधलं, अंतर 2c हे 2a या फरकापेक्षा मोठं, म्हणजे c मोठा. हे ऋण येतं. म्हणून 'c वर्ग वजा a वर्ग' याला b वर्ग म्हणायचं, आणि y वर्गाच्या आधी वजा येतो."

मॅडमनी मान हलवली. शेवटच्या बाकावरच्या रितेशला मात्र कळलं नव्हतं. ईशाने फळा पुसला आणि त्रिकोणापासून पुन्हा सुरुवात केली.