बारा ते दोनचा पहारा

सप्ताहाचा सगळा जीव वीणेत असतो. पहिल्या दिवशी ती एकदा गळ्यात घेतली की सात दिवस भुईला टेकवायची नाही. दोन-दोन तासांचे पहारे लावायचे, उभ्यानं नाम घेत तार छेडत राहायचं, येणाऱ्याच्या पायावर डोकं ठेवायचं आणि वीणा त्याच्या गळ्यात घालायची. टेकली, की सप्ताह मोडला. राणीसावरगावाच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात एकाहत्तर वर्षं तो मोडला नव्हता.

औंदा मात्र गाव खाली होतं. दसरा झाला तशा ट्रका भरून माणसं ऊस तोडायला गेली होती. सुमनबाईंचा धाकटा भाऊ गोपाळही बायकोला घेऊन गेला होता. तिकडूनच त्यानं बोरीला, बहिणीच्या सासरी, फोन केला, "अक्का, आबांच्या माघारी एक साल चुकलं न्हाई आपल्या घरचा पहारा. औंदा मी हितं अडकलो. तू जाशील का?"

"मला कोण देतंय रे वीणा? बाईमाणूस मी."

"आता देतेत. गडी हाईतच कुठं गावात?"

सुमनबाई दत्तजयंतीच्या चार दिवस आधी आल्या. देवळासमोरच त्यांचं माहेर. माळवदाचं घर, दाराला कुलूप. तरी ओट्यावर हात फिरवताच त्यांना सगळं आठवलं. याच ओट्यावर आई शेंगा फोडत बसायची अन् निम्म्या पोरांच्याच तोंडात जायच्या. उन्हाळ्यात माळवदावर अंथरुणं पडली की आबा ऐकून आलेलं कीर्तन पुन्हा करून दाखवायचे. महाराजांचा आवाज काढायचे, बुवा कसे उपरणं झटकतात ते गोधडी झटकून दाखवायचे. हसून हसून पोटात दुखायचं, अन् निरूपण कधी मनात उतरलं ते कळायचंही नाही. देवाची गोडी सुमनबाईंना लागली ती तिथं, त्या गोधडीवर.

पहाऱ्याचा फळा सप्ताहाची व्यवस्था बघणाऱ्या तात्यारावांनी लिहिला होता. सुमनबाईंनी तो वाचला आणि त्यांच्या अंगावर काटाच आला. दहा ते बारा, सुमनबाई. बारा ते दोन, किशनराव, म्हणजे आबा. दोन ते चार, सीताराम. चार ते सहा, सूर्यभान.

"तात्या, हे काय लिहिलंय? आबांना जाऊन नऊ वर्षं झाली. ही तिन्ही माणसं गेलेली हाईत की!"

"मग खाली ठेवू का जागा?" तात्याराव खडूचे हात पुसत म्हणाले. "ज्याचा पहारा त्याच्या नावावर. मी उभा राहतो की त्यांच्या जागी. तू कशाला फिकीर करायलीस?"

दहाला सुमनबाईंनी वीणा गळ्यात घेतली. पण साडेअकराला तात्यारावांना फोन आला. कीर्तनकार महाराज गंगाखेडला स्टँडवर येऊन बसले होते, त्यांना आणायला दुसरं कोणीच नव्हतं. "हा गेलो अन् हा आलो," म्हणत तात्यारावांनी मोटारसायकलीला किक मारली.

देवळात उरल्या दोघी. सुमनबाई, आणि खांबाला टेकून टाळ वाजवणारी छबूबाई. छबूबाई ऐंशीच्या पुढची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, कोण आलं-गेलं ते काही दिसायचं नाही. मधूनच डुलकी लागायची, पण हातातला टाळ थांबत नव्हता.

बारा वाजले. सव्वाबारा झाले. बायका स्वयंपाकाला शाळेच्या मैदानावर, हाक पोचायची नाही इतक्या लांब. ऊन लख्ख पडलेलं, आणि गल्लीत एक कुत्रं नाही. ओळीनं कुलपं. साडेबाराला सुमनबाई एका पायावरचा भार दुसऱ्यावर टाकू लागल्या. डोळ्यांपुढं काळे ठिपके नाचू लागले. घामानं बोटं तारेवरून घसरायला लागली, वीणा एकदा कलली, त्यांनी ती छातीशी आवळून धरली.

"छबूकाकू, धरता का जराशी?"

"मला उठता येत न्हाई, लेकी. पाडीन मी."

"मग काय करू? मोडतोय सप्ताह माझ्या हातानं!"

तेवढ्यात समोरच्या घराची कडी वाजली.

सुमनबाईंनी बघितलं. कुलूप होतं तसंच होतं. पण ओट्याच्या पायरीवर पाऊल पडल्याचा आवाज आला. मग गल्लीतल्या मुरुमावर. सावकाश, जेवून उठलेल्या माणसाची चाल. देवळाच्या दारात वहाणा काढल्याचा आवाज झाला, एक, मग दुसरी. दारात वहाणा नव्हत्या.

छबूबाईनं पसरलेले पाय आखडून घेतले, वाट करून दिली.

"या, किशनराव," ती म्हणाली.

सुमनबाईंच्या तोंडचं नाम तुटता तुटता राहिलं. ओरडावंसं वाटलं, पण ऐकायला होतंच कोण? पळावं तर वीणा पडणार. समोर काहीच नव्हतं, नुसती फरशी आणि ऊन.

"दे की गं," छबूबाई म्हणाली. "कवाचा उभा हाय तो."

हवेच्या हाती वीणा द्यायची? एकाहत्तर वर्षांचा नेम? आणि समजा आबा असले, आणि आपण भिऊन दिलीच नाही, तर? देवाच्या दारात बापाला ताटकळत ठेवायचं? सुमनबाईंनी डोळे मिटले. वाकल्या. जिथं पाय असायला हवे होते तिथं फरशीला कपाळ लावलं. मार्गशीर्षातली फरशी बर्फासारखी असते. ती कोमट लागली.

त्यांनी पट्टा मानेवरून काढला, दोन्ही हातांनी पुढं केला, आणि सोडला.

वीणा पडली नाही. तार वाजली.

एक वाजता तात्याराव महाराजांना घेऊन आले. सुमनबाई खांबाशी बसल्या होत्या, दोन्ही हात मोकळे. मंडपाच्या मधोमध वीणा उभी होती, पट्टा ताणलेला, तार झंकारत होती. महाराज उंबऱ्यातच थबकले. तात्यारावांनी हात जोडले आणि हळूच म्हणाले, "चला महाराज, पानं वाढलीत. दोनपर्यंत हितं काळजी न्हाई."

सुमनबाई बाहेर आल्या. ओट्यावर बसून त्यांनी गोपाळला फोन लावला. पलीकडं कोयत्यांचे आवाज येत होते.

"अक्का, मोडला न्हाई ना?"

"न्हाई मोडला."

"बाराला कोण व्हतं?"

सुमनबाईंनी देवळाकडं बघितलं. "आपल्याच घरचं," त्या म्हणाल्या.

पलीकडं कोयत्यांचे आवाज लांब गेले.

"अक्का," गोपाळ दबक्या आवाजात म्हणाला, "आबांनी मफलर गुंडाळला व्हता का? गारठा लय हाय गं औंदा."