सिंधूच्या वाघाचा हुंकार

मी एक म्हातारा वाघ आहे, पण मित्रांनो, घाबरू नका. माझ्या पोटात चिंध्या आहेत. अंगावर हळदीत बुडवलेलं जुनं धोतर, त्यावर काजळाचे पट्टे. एक कान जरा मोठा झाला म्हणून पाहुणे मला मांजर म्हणत. फार वाईट वाटायचं, पण बोलणार कसा? तोंड होतं तेही दोऱ्याचं.

निजामी अमलाच्या शेवटच्या दिवसांत हदगावच्या नीलाबाईंनी मला आपल्या लेकीसाठी, सिंधूसाठी शिवलं. आमच्याकडे गोष्ट ऐकताना मध्ये मध्ये 'हूं' म्हणायचं असतं. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. सिंधू स्वतःचा हुंकार द्यायची आणि आवाज जाड करून माझाही. शेजारच्या शांतम्मांच्या तेलुगू गोष्टीत वाघ भोळा असे. अत्तरवाल्या चाचांच्या गोष्टीत तो शहजादीचा राखणदार. मी आपला तोच. ज्याच्या मनात जे असेल, ते तो माझ्या तोंडी घाली. काय दिवस होते ते!

मग सिंधूच्या दादांना, म्हणजे तिच्या वडिलांना, हणमंतरावांना, तिरंगा लावला म्हणून पोलिसांनी नेलं. गावाला गेलेत, असं नीलाबाईंनी लेकीला सांगितलं. तिनं आपलं ताट माझ्यापुढं सरकवलं.

"माय, वाघ जेवून नाही राहिला."

"काहून गं?"

"त्याचे दादा येऊन नाही राहिले."

नीलाबाईंनी ताट परत तिच्यापुढं केलं. "वाघाला म्हणावं, गुमान जेव," एवढंच त्या म्हणाल्या. अहो, मी कुठला जेवतो? पोर उपाशी होती! मला ओरडून सांगायचं होतं.

गावात रझाकारांची दहशत वाढली. पैनगंगेपलीकडं निजामाचं राज्य नव्हतं. एका सकाळी आम्ही बैलगाडीत कडब्याखाली दडून निघालो. नदीकाठचा पोलिसांचा नाका जवळ आला आणि सिंधूला रडू फुटलं. नीलाबाईंनी मला पोरीच्या तोंडासमोर धरलं.

"आवाज काढलास तर ह्यो वाघ खाईल तुला!"

सिंधू चिडीचूप झाली. माझ्याकडं पाहत राहिली. तिच्या मनातलं बोलायला ती मलाच पुढं करत आली होती, आणि आता मीच तिला खाणार होतो. गाडी सुखरूप नदीपार गेली. आईचं चुकलं, असं मी कसं म्हणू?

पण पलीकडं गेल्यावरही सिंधू बोलेना. पुढं निजामाचं राज्य गेलं, हणमंतराव सुटून आले. त्यांनी लेकीला मांडीवर घेतलं, मी तिच्या हातात होतो.

"एक होता वाघ," ते म्हणाले आणि हुंकारासाठी थांबले. "हूं म्हण की गं, बाई माझी."

सिंधूनं हळूच हात उचलला आणि माझं तोंड घट्ट दाबून धरलं.

मित्रांनो, तुमच्या घरातलं लेकरू म्हणालं, वाघ भुकेला आहे, तर लेकराला जवळ घ्या. त्याला गप्प करायला मात्र आम्हा खेळण्यांना पुढं करू नका. आम्हाला 'नाही' म्हणता येत नाही.