डोक्यातले राखणदार

झरीच्या माळावर भुजंगला त्याच्याच लाडक्या मेंढ्यानं मागून अशी धडक दिली, की तो बांधाच्या दगडावर डोकं आपटून पडला आणि उठला तो मेंढ्यांना पाटील म्हणतच. एकेकीला रामराम घालायला लागला. बायकोच्या, कोंडाबाईच्या तोंडचं पाणी पळालं. दीर मुंजाजीनं बैलगाडी जुंपून दोघांना परभणीला दिनकरराव डॉक्टरांकडे नेलं. दोघांची नावं कागदावर त्यानंच सांगून घातली, कारण नवऱ्याचं नाव घ्यायची कोंडाबाईची काय बिशाद!

डॉक्टर हैदराबादेत शिकलेले. समजावून सांगायची त्यांना भारी हौस.

"मेंदूत बारीक बारीक राखणदार पेशी असतात," ते म्हणाले. "एरवी जागच्या जागी चाचपत बसतात. मार बसला की धावत सुटतात, मेलेलं-फुटलेलं खाऊन जागा साफ करतात, मग मेंदू सावरतो. पण त्यांचा राग निवला नाही, तर चांगलंही कुरतडतात. म्हणून पंधरा दिवस शांतता. ऊन नको, कलकलाट नको."

"म्हंजी कुत्रीच की," कोंडाबाई म्हणाली. "लांडगा पळाला तरी चिडल्यालीच असत्यात. तवा कोकराला बी चावत्यात. त्यांला गप बसवावं लागतंय."

"अगदी तसंच," डॉक्टर म्हणाले.

मग माळावर जे सुरू झालं, ते बघायला लोक वाकडी वाट करून यायचे. कोंडाबाईनं मेंढ्यांच्या घंटांत लोकर कोंबली. माणसं कुजबुजत जेवायची. शेजारच्या वच्छलाबाईशी पाण्यावरून भांडण झालं, तेही दोघींनी हातवारे करून निपटलं. रोज सकाळी ती नवऱ्याच्या कपाळावर हात ठेवून हळूच विचारायची, "निवला का रं बाबांनो?"

आठव्या दिवशी पाटलांच्या पुन्हा मेंढ्या झाल्या. बाराव्या दिवशी भुजंगनं एकेक कोकरू अचूक आपापल्या आईखाली सोडलं. कोंडाबाईचा आनंद पोटात मावेना. नाचावंसं वाटलं, पण आवाज होईल म्हणून पालामागं जाऊन चवड्यांवर नाचली.

एकच किडा डोक्यात वळवळत होता. आपण त्याला आठवतोय का? तो तिला 'अगं' म्हणत होता, पण तसं तो वीस वर्षं म्हणतच आला होता. अगं काय, कुणालाही म्हणता येतं.

सोळाव्या दिवशी परभणीला डॉक्टरांनी परीक्षा घेतली.

"मेंढ्या किती?"

"एकशे बारा. पोटातली धरली तर लय हायेत."

"शाबास. बायकोचं नाव?"

भुजंगनं आढ्याकडे पाहिलं. मग जमिनीकडे. डॉक्टरांचा चेहरा पडला तशी कोंडाबाई पुढं झाली.

"लाजायलेत ते, सायेब."

"बरं, तुम्ही सांगा. यांचं नाव काय?"

आता कोंडाबाईनंही आढ्याकडे पाहिलं. डॉक्टरांनी बत्ती धरून तिचेही डोळे तपासले.

"तुम्हालाही मेंढ्यानं मारलं का?"

शेवटी त्यांनी तिला बाहेर घालवलं. दाराला कान लावूनही काही ऐकू येईना. नुसत्या लाजेपायी गप्प असेल तर बरंच, पण नाव खरंच पुसलं गेलं असेल तर? आपण कुणाच्या भाकरी थापायच्या?

डॉक्टर तोंड पाडून बाहेर आले. "बाई, राखणदारांनी थोडं चांगलंही खाल्लं. कागदावर कोंडाबाई आहे. मी तीनदा विचारलं, तीनदा धुरपदाच म्हणाला."

कोंडाबाई ते नाव हळूच पुटपुटली. राणीसावरगावला, माहेरी, ती धुरपदाच होती. सासऱ्याला आपल्या आईचं नाव घरात हवं होतं म्हणून मांडवातच तिची कोंडाबाई झाली. धुरपदा म्हणून त्यानंतर तिला कुणीच हाक मारली नव्हती. ते ती स्वतःही विसरत चालली होती, आणि या लाजाळू माणसानं ते वीस वर्षं आत जपून ठेवलं होतं.

ती हसायला लागली, ती थांबेचना. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि डॉक्टर शांत व्हा, शांत व्हा म्हणत होते.

"सायेब, तुमचा कागदच चुकलाय," ती पदरानं तोंड पुसत म्हणाली. "खोडा त्यो. मी धुरपदाच हाय."