गेंगबाईंचं "खरं की खोटं?"

लो उस्तादांनी चीनमधल्या चांगशा शहराच्या गर्दीत तेहतीस वर्षं बस चालवली, पण आजच्याइतका घाम त्यांना कधी फुटला नव्हता. लेकीचं, रुईछिनचं, लग्न जमायचं की फिसकटायचं ते आज जेवणाच्या टेबलावर ठरणार होतं. मुलगा कामात अडकलेला, म्हणून त्याची आई गेंगबाई एकट्याच थ्येनजिनहून आल्या होत्या. आणि उस्ताद काहीही बोलले की म्हणत होत्या, "खरं की खोटं?"

थ्येनजिनला हे नुसतं 'अस्सं का' म्हणावं तसं म्हणतात. उस्तादांना वाटलं, बाई आपल्याला खोटारडं ठरवतेय.

"मासा आज सकाळचा आहे, ताजा."

"खरं की खोटं?"

उस्तादांनी ताडकन मासेवाल्याला फोन लावला, स्पीकरवर.

"आज सकाळचा?" मासेवाला म्हणाला. "उस्ताद, परवाचा म्हणून तर तुम्ही भाव पाडून नेलात."

"बाबा, बसा हो," रुईछिन पुटपुटली. "त्या बोलायचं म्हणून बोलतायत."

"बोलायचं म्हणून कुणी सतरा वेळा संशय घेतं?"

गेंगबाई सावरून घ्यायला म्हणाल्या, "तुमची तब्येत मात्र छान आहे."

"बत्तीसच्या बत्तीस दात माझे आहेत."

"खरं की खोटं?" तोंडातून निघून गेलंच.

उस्तादांनी आ वासला, बोटानं दाढ हलवून दाखवली. दाढेवरची कॅप सुटली आणि टुपकन बाईंच्या सुपात पडली.

त्यानंतर कुणी फारसं जेवलं नाही. निघताना दारात बूट चढवत गेंगबाई म्हणाल्या, "कधीतरी या आमच्याकडे जेवायला."

रुईछिनचा चेहरा पडला. हे 'कधीतरी' कुठल्याच कॅलेंडरवर नसतं. 'हो हो, नक्की' म्हणायचं आणि दार लावून घ्यायचं, एवढं शेंबड्या पोरालाही कळतं.

उस्ताद म्हणाले, "कधीतरी म्हणजे कोणत्या दिवशी?"

गेंगबाईंच्या हातात बुटाची नाडी तशीच राहिली. एकसष्ट वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"म्हणजे... पुढच्या गुरुवारी?"

"किती वाजता?"

"साडेअकरा चालेल?"

"बाबा, पुरे."

"थांब गं. आणि लग्नाचं काय?"

"त्याचं बघू कधीत..." गेंगबाईंनी जीभ चावली. उस्ताद वाट बघत उभेच होते.

"ऑक्टोबरात," त्या म्हणाल्या. "सहा तारखेला."