नव्या डब्याच्या शेजारी

मी वरूडच्या संत्रा केंद्रातला जुना स्विच बोलतोय. दिव्याचं बटण नव्हे. वायरी ज्याच्यात येऊन मिळतात आणि एका यंत्राची माहिती जो दुसऱ्याकडे पोचवतो, तो लोखंडी डबा. आता मला कुणी ओळखत नाही, म्हणून आधीच सांगून टाकलं.

बारा वर्षं मी एकट्याने हे केंद्र सांभाळलं. पंख्यात धूळ, अंगावर थुंकलेल्या तंबाखूच्या खर्ऱ्याचे डाग, पण जे आलं ते आल्या क्रमाने पुढे दिलं. मग दोन हजार अठरा साली संत्री निवडायचं यंत्र आलं, आणि त्याच्यासोबत तो नवा स्विच. दुसऱ्या कंपनीचा, पांढरा. संगणक सांभाळणारा शाहनवाज त्याला स्वतःच्या रुमालाने पुसायचा. अमरावतीचं पॉलिटेक्निक अर्धवट सोडून आलेल्या या पोराने मला कधी बोटही लावलं नव्हतं.

यंत्राचा कॅमेरा प्रत्येक संत्र्याचा फोटो काढी. फोटोचे तुकडे होत, त्यांच्यावर नंबर पडत, आणि ते नव्याकडे जात. त्याच्यापुढे संगणकाकडे जायच्या दोन वाटा. एक माझ्यातून, दुसरी त्याच्याच कंपनीच्या छोट्या डब्यातून. मोकळी दिसेल तिकडे तो तुकडा ढकली. मला हे जमत नाही. त्यात मी सावकाश. गर्दी झाली की माझे तुकडे मागे राहत आणि संगणकापाशी चार नंबरच्या आधी पाच नंबरचा तुकडा पोचे.

मालक गोवर्धनभाऊंना रांगेचं वेड. फाटकावर नंबर सोडून सख्ख्या साळ्याचा ट्रॅक्टरही आत नाही, याचा भारी गर्व. म्हणून यंत्र बसवणाऱ्याला त्यांनी बजावलं होतं, "आपल्या इथं नंबर सोडून कोनी घुसत नाई. कम्पुटरलेही तेच सांगा." झालं. एक तुकडा मागेपुढे आला की संगणक अख्खा फोटो फेकून देई. फोटो नाही तर फळाची प्रत ठरत नाही, आणि ते संत्रं रसाच्या क्रेटमध्ये.

चाचणीत फळं थोडी होती, निभावलं. हंगामाच्या पहिल्याच दिवशी मनकर्णाबाईंचा माल लागला. दुष्काळात शेजारच्या बागा तुटल्या तेव्हा त्यांनी टँकरने झाडं जगवली होती. माल पहिल्या प्रतीत गेला तरच बाग राहणार, नाहीतर सोमवारी मुलगा झाडं कापायला आरी आणणार. घट्ट, रसरशीत फळं रसात पडत होती आणि मी, खोटं कशाला बोलू, खूश होतो. नव्याची फजिती होत होती.

"माल हलका हाय बाई," भाऊ म्हणाले.

"डोये हायेत का तुमाले?" मनकर्णाबाई म्हणाल्या.

शाहनवाज संगणकापासून उठला. "भाऊ, माल चांगला हाय. तुमची रांग खराब हाय. हे ट्रॅक्टर नाईत. तुकडा मागून आला तरी कम्पुटर नंबर पाहून त्याले जागेवर बसवते. तुमीच बसवू देत नाई."

"कॉलेज पुरं करता आलं नाई, अन् मले शिकवतं? काढ तो नवा डबा. जुनाच बरा. एका वाटेनं नीट जाते."

माझं कौतुक, बारा वर्षांत पहिल्यांदा. पण माझ्या एकट्याच्याने एवढे फोटो गेले नसते, पट्टा दर मिनिटाला अडकला असता. जन्मभर केलं म्हणून तेच बरोबर, असं मानणारा म्हातारा माझ्या बाजूने उभा होता. माझी मलाच लाज वाटली.

"तू कर पोरा," मनकर्णाबाई म्हणाल्या. "यायले मरासाठी बी टोकन लागते."

शाहनवाजने कुणाला न विचारता संगणकातली ती रांगेची अट काढली. रसातली फळं परत पट्ट्यावर चढली आणि पहिल्या प्रतीच्या पेट्या भरू लागल्या. बाईंनी तिथूनच मुलाला फोन लावला, "सोमवारी येऊ नको. बाग तोडाची नाई."

पुढल्या आठवड्यात माझ्या जागी आणखी एक छोटा डबा आला. "हा म्हातारा लई तापून राहिला," म्हणत शाहनवाजने माझ्या वायरी उपसल्या, तेही यंत्र चालू असताना. वाटलं, आता तरी पट्टा थांबेल. नव्याने त्याच क्षणी सगळे तुकडे दुसरीकडून वळवले. एक संत्रंही अडखळलं नाही.

आता मी नव्याच्या समोरच्या फळीवर पडून आहे. विनंती एकच. मला भंगारात द्या, पण इथे ठेवू नका. दिवसभर त्याचे हिरवे दिवे बघवत नाहीत.