वाचासिद्धाची सोन्याची काडी

लीड्समधल्या त्या कम्युनिटी हॉलमध्ये खुर्च्या दीडशे होत्या आणि माणसं अडीचशे. मार्च २००५ मधला शनिवार, बाहेर बारीक गारा, आणि आत सगळे बूट काढून मोज्यांवर बसलेले. भिंतीला टेकून उभ्या असलेल्यांत मला दोन सर्जन दिसले, आणि युनिव्हर्सिटीत फिजिक्स शिकवणारे एक गृहस्थ दिसले. हात जोडलेले, डोळे मिटलेले.

मंचावर वाचासिद्ध महाराज बसले होते. शाल केशरी, छातीवर चिमट्याचा माइक. उशिरा बोलणाऱ्या मुलांना वाचा देणं ही त्यांची खासियत.

"इथे थंडी फार," महाराज म्हणाले. "थंडीत पाणी गोठतं. वाणी म्हणजे जिभेवरचं पाणीच. मग तीही गोठणार. तुमचे डॉक्टर जीभ बघतात, कान बघतात. गोठलेली वाणी मशीनला दिसते का?"

कोणी हसलं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या, फिजिक्सवाल्यांनीसुद्धा.

मग चमत्काराला सुरुवात झाली. पहिल्या मुलाला आईने मांडीवर घेतलं. महाराजांनी सोन्याची काडी चांदीच्या वाटीतल्या मधात बुडवली आणि आधी आईच्या जिभेवर टेकवली. "गोड?" "हो महाराज." मग त्यांनी डोळे मिटून, काहीतरी पुटपुटत, मुलाच्या जिभेवर काडीने अक्षर काढलं. मुलाने दोन क्षण नुसतं बघितलं. मग त्याचा चेहरा वाकडा झाला, तोंड उघडलं आणि अख्ख्या हॉलने ऐकलं: "आऽऽऽ ईऽऽऽ."

आई रडायला लागली. टाळ्यांचा कडकडाट झाला. कार्यक्रम ठरवणारे हरीशभाऊ घोगऱ्या आवाजात म्हणाले, "पहिला शब्द. मातृशब्द." मूल नंतर बराच वेळ ओरडत होतं. आतला अडथळा वाहून जातोय, असं महाराजांनी सांगितलं.

त्या दुपारी पाच मुलं मंचावर गेली आणि पाचही "आई" म्हणाली. एकालाही बाबा आठवला नाही, एकानेही दूध मागितलं नाही. त्यातल्या एकाची आई इंग्रज होती आणि त्यांच्या घरात मराठीचा एक शब्द बोलला जात नव्हता. तोही "आई"च म्हणाला. याचं नवल कोणाला वाटलं नाही. भक्ती तेवढी वाढली.

त्या पाचांत चौथी वरदा होती. माझ्या मैत्रिणीची, देविकाची मुलगी.

मी हॉस्पिटलमध्ये लहान मुलांचे कान तपासते. असल्या ठिकाणी मी एरवी पाऊल टाकत नाही. देविकाने फोनवर एवढंच सांगितलं होतं, "सुनेत्रा, तू नुसती माझ्याजवळ उभी राहा." म्हणून गेले होते.

वरदा पावणेतीन वर्षांची होती आणि एकही शब्द बोलत नव्हती. "घरात दोन भाषा आहेत ना, म्हणून गोंधळते. एकच बोला," असं कोणीतरी देविकाला सांगितलं होतं. तीही अंधश्रद्धाच, फक्त इंग्रजीत सांगितलेली. दोन भाषांनी मूल मुकं होत नाही. पण देविकाने आणि तिच्या नवऱ्याने, साकेतने, घरात मराठी बंद केली. आणि नेमकी तेव्हाच देविकाची आई, मधुमतीमावशी, सहा महिन्यांच्या व्हिसावर सांगलीहून आली. मावशींना इंग्रजी येत नव्हतं. त्यांनी नातीशी बोलायचंच नाही, असं ठरलं. ज्या पोरीसाठी एवढ्या लांब आल्या, तिला त्या दिवसभर मुक्याने जेवू घालायच्या आणि मुक्याने झोपवायच्या. हरीशभाऊंनी महाराजांचं नाव काढल्यावर "जाऊन बघू या" असं पहिल्यांदा मावशीच म्हणाल्या. त्यांचा राग मला कधीच आला नाही.

महाराजांनी सात शनिवारांचा विधी सांगितला. तोवर डॉक्टरचं तोंड बघायचं नाही, यंत्राची दृष्ट लागली की वाणी उलटी फिरते. वरदाच्या कानाच्या तपासणीचं पत्र आलेलं होतं. साकेतने फोन करून ती रद्द केली.

सोमवारी मी त्यांच्या घरी गेले. मावशी वरदाला मऊ भात भरवत होत्या आणि वरदा ओठ घट्ट मिटून मान फिरवत होती.

"शनिवारपासून असंच चाललंय," मावशी म्हणाल्या. "भात गरम नाही गं. मी बघते ना आधी."

वरदाने जांभई दिली तेव्हा मला तिची जीभ दिसली. टोक लालभडक होतं आणि कडेला एक बारीक फोड. मावशींनीही बघितलं. त्यांनी भाताची वाटी बाजूला ठेवली.

वरदा पाठमोरी बसून ठोकळे रचायला लागली. मी मागून नेहमीच्या आवाजात हाक मारली. ती हलली नाही. वाटीवर चमचा हलकेच वाजवला, तरी नाही. मग मी जमिनीवर पाय आपटला. तिने लगेच वळून बघितलं.

"मावशी, तिला आवाज कळला नाही. जमीन हादरलेली कळली," मी म्हटलं. "जे नीट ऐकूच येत नाही, ते ती बोलणार कसं?"

साकेत सोफ्यावर बसला होता. तो लीड्समध्येच जन्मला आणि वाढला. "सुनेत्राताई, ती 'आई' बोलली. मी स्वतः ऐकला. टू हंड्रेड लोक ऐकले."

"त्यानंतर पुन्हा म्हणाली?"

"सात टाइम जायचा आहे. ही प्रोसेस आहे."

"तू बँकेत सॉफ्टवेअर तपासतोस ना? एकदा चाललं आणि पुन्हा कधीच चाललं नाही, तर तू पास करतोस?"

"हा वेगळा गोष्ट आहे," साकेत म्हणाला आणि टीव्हीकडे बघत राहिला. देविका मान खाली घालून ठोकळे गोळा करत होती.

मी निघाले तेव्हा मावशी दारापर्यंत आल्या. "शनिवारी येशील?" त्यांनी विचारलं. "मला एक बघायचंय."

त्या शनिवारी गर्दी आणखी वाढली होती. ब्रॅडफर्डहून लोक आले होते. वरदाचं नाव पुकारलं तेव्हा देविका उठली. मावशींनी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि स्वतः नातीला कडेवर घेऊन वर गेल्या. काडी बघताच वरदाने तोंड मावशींच्या मानेत लपवलं.

महाराजांनी काडी मधात बुडवून मावशींच्या जिभेवर टेकवली. "गोड?"

"गोड आहे," मावशी म्हणाल्या.

महाराजांनी डोळे मिटले, पुटपुटायला लागले आणि बोटांत काडी सहज फिरवली. मावशींनी त्यांचं मनगट धरलं.

"थांबा. हे दुसरं टोक मला द्या."

"मातोश्री, तो बालकांचा भाग आहे."

"म्हणूनच. आम्ही दूधसुद्धा आधी आपल्या मनगटावर टाकून बघतो, मग बाळाला देतो."

"प्रौढांच्या जिभेवर असत्य असतं. काडी विटाळते."

"आत्ता एक टोक माझ्या जिभेला लावलंत. ते नाही विटाळलं?"

मागे कोणीतरी हसलं. महाराजांच्या छातीवरचा माइक सगळं हॉलला ऐकवत होता. मावशींनी काडी त्यांच्या हातातून काढून घेतली आणि दुसरं टोक जिभेवर ठेवलं. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पण त्या ओरडल्या नाहीत. थोड्या वाकल्या आणि त्याच माइकमध्ये म्हणाल्या, "मिरी आहे. लाल मिरचीही आहे. बारीक वाटून लावली आहे."

"मावशी, काहीतरी गैरसमज होतोय तुमचा," हरीशभाऊ पुढे आले.

"मग तुम्ही बघा," मावशींनी काडी त्यांच्यापुढे धरली.

एवढ्या माणसांसमोर हरीशभाऊंना नाही म्हणता येईना. त्यांनी काडी जिभेला लावली. क्षणभर काही झालं नाही. मग माइकमधून स्पष्ट ऐकू आलं, "आऽऽ ईऽऽ गं."

यानंतर समजावून सांगण्यासारखं फार काही उरलं नव्हतं, तरी मी वर जाऊन सांगितलं. जीभ भाजली की तोंड वासतं, तो "आ". मग ओठ दोन्ही कडांना ताणले जातात, ती "ई". इंग्रज पोरगंही हेच करील. आपल्याला त्यात आई ऐकू येते, कारण तेच ऐकायला आपण आलेलो असतो. मोठ्यांना मधाचं टोक, मुलांना मिरचीचं. या महापुरुषाची सगळी सिद्धी एवढीच.

"अश्रद्धाच्या जिभेवर अमृताचं विष होतं," महाराज म्हणाले आणि ध्यानाची वेळ झाल्याचं सांगून मागच्या दाराने गेले. चांदीची वाटी न्यायला ते विसरले नाहीत. फिजिक्सवाले गृहस्थ मला थांबवून म्हणाले, "पण मिरीत काही औषधी गुण असतीलच ना?" शिकलेल्या माणसाला मूर्खच राहायचं असलं, तर तो त्यासाठीही शास्त्र शोधतो.

मावशी मंचाच्या पायरीवर बसल्या होत्या. वरदा मांडीवर होती. साकेत समोर उभा होता.

"मागच्या शनिवारी मी तिचं डोकं धरलं होतं," मावशी म्हणाल्या. "ती सुटायला बघत होती. मी धरून ठेवलं."

साकेतने खाली बसून वरदाला घेतलं. "आई, मी पण तिथेच होतो," तो म्हणाला.

तपासणीची नवी तारीख मिळायला दहा आठवडे गेले. दोन्ही कानांच्या पडद्यांमागे चिकट द्रव साचलेला निघाला. पाण्याखाली बुडी मारल्यावर बाहेरचं बोलणं जसं ऐकू येतं, तसं वरदा निदान दोन वर्षं जग ऐकत होती. असं पुष्कळ मुलांना होतं. काहींचं आपोआप बरं होतं, वरदाचं झालं नाही. ऑक्टोबरमध्ये पडद्यांत बारीक नळ्या बसवल्या. घरी येताना गाडीतला रेडिओ लागला तेव्हा तिने दोन्ही हातांनी कान झाकले आणि मग हळूच उघडले.

मावशी तोवर सांगलीला परतल्या होत्या. जायच्या आधीचे चार महिने त्या नातीशी दिवसभर मराठीत बोलत होत्या, कानाशी तोंड नेऊन, सावकाश. वरदाचा पहिला शब्द आला तो डिसेंबरात. शब्द होता "नको". देविकाने मावशींना फोन लावला आणि वरदाला मटार खायला दिले. पलीकडून मावशींनी "नको" ऐकलं आणि "अजून दे तिला मटार," म्हणाल्या.

महाराज त्या शनिवारनंतर पुढच्याच महिन्यात लंडनजवळ क्रॉयडनला होते. हॉल भरलेला होता, असं ऐकलं. ज्यांना मूल बोलत नाही म्हणून भीती वाटते, त्यांना माझं एवढंच सांगणं आहे. भीती वाटणं यात चूक काही नाही. पण मूल बोलत नसेल, तर त्याच्या जिभेवर मध, मंत्र, काडी काहीही ठेवू नका. त्याला ऐकू येतं का, हे आधी तपासून घ्या. आणि तपासायला जाऊ नका असं जो सांगेल, त्याच्या हातात आपलं मूल देऊ नका.